आक्काची सायकल आणि साहेबांचा सत्कार

माझी थोरली बहीण पंचेचाळिशी उलटल्यावर सायकल शिकली. बाजाराच्या मैदानावर, बाजार नसेल त्या सकाळी, मी मागून कॅरियर धरून पळायचो आणि ती पदर कमरेला खोचून, दातओठ खात पॅडल मारायची. मैदानाच्या कडेला चहाच्या टपरीवर बसलेली रिकामटेकडी मंडळी फुकटचा तमाशा बघत बसायची. एकाने मला विचारलंही, मास्तर, पुढं बाईला विमान शिकवणार का? मी त्याला काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आक्का पडली, गुडघा फोडून घेतला, त्यावर हळद दाबली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या आधी मैदानावर हजर होती.

शहराचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. जिल्हा जालना, तालुक्याचं ठिकाण, गावाला नगरपालिका आहे, एवढं पुरे.

आक्काला सायकल कशाला हवी होती ते आधी सांगतो, नाहीतर माझा पुढचा त्रागा उगाच वाटेल. तिचं सासर पिंपळगाव रेणुकाईचं. मूल झालं नाही म्हणून नवऱ्याने दुसरी केली. आक्काला कोणी घराबाहेर काढलं नाही. फुकटात राबणारं माणूस कोण कशाला काढील? निंदणी तिची, शेणघाण तिची, दुसरीच्या लेकरांची धुणी तिची, आणि जेवायला बसायचं सगळ्यांच्या शेवटी. अशी वर्षामागून वर्षं काढून एक दिवस ती दोन लुगडी पिशवीत घालून माझ्या दारात आली. नवऱ्याने चार दिवसांनी फोन केला तोही तिच्यासाठी नाही, सोयाबीन काढायला आलं होतं म्हणून.

वर्षभर ती आमच्याकडे राहिली. माझी बायको वाईट नाही, आक्काही भांडकुदळ नाही, पण दोन खोल्यांचं घर आणि एक चूल. शेवटी आक्कानेच गावाच्या दुसऱ्या टोकाला पत्र्याची एक खोली भाड्याने घेतली. मला राग आला होता. लोक काय म्हणतील हेही डोक्यात होतं, खोटं कशाला बोलू? ती म्हणाली, "भाऊ, जल्माला आल्यापासून मी दुसऱ्याच्याच घरात राह्यले. बापाच्या, नवऱ्याच्या, आता तुझ्या. मला एकदा माझ्या घरात जेवू दे."

खोलीचं भाडं आणि पोट ती क्रॉसिंगच्या मजुरीवर भागवायची. आमच्या भागात बियाण्याच्या कंपन्यांसाठी शेतकरी भेंडीचे, मिरचीचे, कपाशीचे प्लॉट धरतात. तिथे फुलांचं लग्न माणसाला हाताने लावावं लागतं. आदल्या दुपारी मादीच्या कळ्या सोलून ठेवायच्या आणि दुसऱ्या सकाळी नराचं फूल तोडून त्यांच्यावर फिरवायचं. सगळ्या बायकाच असतात या कामाला. ऊन चढलं की फूल वाया जातं, म्हणून सकाळी उशीर चालत नाही. मजुरांना नेणारा टेम्पो चौफुलीवरून अंधारातच निघतो आणि तो कोणासाठी थांबत नाही. आक्काचा हात हलका आणि जीभ चांगली कडक, त्यामुळे दुसऱ्याच हंगामात ती वीसेक बायकांच्या टोळीची मुकादम झाली. आमच्या सात पिढ्यांत बाईला कोणी मुकादम म्हटलं नव्हतं. त्या आठवड्यात तिने माझ्या बायकोला आणि मला खोलीवर जेवायला बोलावलं आणि आम्हाला वाढून स्वतः आमच्याबरोबर पहिल्या पंगतीला बसली.

तिच्या खोलीपासून चौफुली लांब. त्या वेळी रिक्षा नसते, रस्त्यावर फक्त कुत्री असतात. म्हणून सायकल. सायकल होती म्हणून टेम्पो होता, टेम्पो होता म्हणून काम, आणि काम होतं म्हणून ती खोली.

चौफुलीवर सायकली लावणारे आम्ही पुष्कळ होतो. मी तिथे सायकल ठेवून एसटीने अंकुशनगरला शाळेत जायचो. साखर कारखान्यावर जाणारे होते, कुंभार पिंपळगावच्या बाजाराला पाल लावणारे होते, प्लॉटवरच्या बायका होत्या. नगरपालिकेची एक मोकळी जागा आहे तिथे, तिच्या कुंपणाला आम्ही सायकली साखळीने बांधायचो. मग सायकली जायला लागल्या. आधी नव्या, मग जुन्या, मग अगदी सीट फाटलेल्याही. पोलीस चौकीवर गेलं की हवालदार विचारायचा, मोटारसायकल का? सायकल म्हटलं की त्याचा चेहरा पडायचा. एकदा तर तो मला समजुतीच्या सुरात म्हणाला की मास्तर, तुमच्यासारख्या पगारदार माणसाने सायकलसाठी इथवर यावं हे बरं दिसत नाही.

आक्काची सायकल मिरचीच्या हंगामात, ऐन भरात गेली. संध्याकाळी टेम्पोतून उतरली तर कुंपणाला नुसती कापलेली साखळी लोंबत होती. तिने मला फोन केला आणि एवढंच म्हणाली की उद्या सकाळी मला सोडशील का. दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे उठून तिच्या खोलीवर जायचो, तिला कॅरियरवर बसवून चौफुलीवर न्यायचो, मग घरी येऊन आंघोळ करून पुन्हा चौफुलीला जायचो. ज्या बाईने इतक्या हट्टाने पॅडल मारायला शिकून घेतलं तिला पुन्हा कोणाच्या तरी मागे बसावं लागलं, याचा मला चोरापेक्षाही जास्त राग यायचा नगरपालिकेचा. जागा तिची, कुंपण तिचं, दिवा तिचा आणि तोही बंद.

म्हणून आम्ही सायकलवाले एकत्र आलो. पुढारपण एका निवृत्त मुख्याध्यापकांकडे गेलं. आम्ही त्यांना गुरुजी म्हणतो. धोतर-टोपीतला सरळ माणूस, सायकलवरूनच फिरतो, त्यांच्याही दोन गेलेल्या. मागणी साधी होती: त्या मोकळ्या जागेवर शेड टाका, एक राखणदार बसवा, आम्ही रोजचे पैसे देऊ. मुख्याधिकारी साहेबांनी निवेदन दोन्ही हातांनी घेतलं, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि प्रस्ताव मार्गी लावतो असं सांगितलं. पुढच्या वेळी गेलो तर साहेब मीटिंगला. त्याच्या पुढच्या वेळी जालन्याला. मग पुन्हा मीटिंगला.

आता खरी गोष्ट सुरू होते. आमच्याकडे एक पक्की समजूत आहे की माणसाच्या खांद्यावर शाल टाकली की तो बांधला जातो. रस्ता हवा असेल तर रस्ता व्हायच्या आधी इंजिनियरचा सत्कार करायचा. डॉक्टर गावात टिकावा असं वाटत असेल तर तो आल्या दिवशीच त्याला फेटा बांधायचा. शाल घेतलेला माणूस लाजेकाजेने तरी काम करतो म्हणे. गुरुजींनी तेच सुचवलं. "भांडून काम होत न्हाई, मास्तर. आपण त्यांचा जाहीर सत्कार करू. सायकल स्थानकाला मंजुरी दिल्याबद्दल." मी म्हटलं, गुरुजी, मंजुरी कुठे दिलीय? गुरुजी हसले. "सत्कार झाल्यावर द्यावीच लागंल की. मंग कुठं जातेत?"

बाकीच्या सगळ्यांना हे अगदी पटलं. मलाही पटलं नाही असं म्हणता येणार नाही. असंच बघत लहानाचा मोठा झालोय मी.

कार्यक्रम नगरपालिकेच्या सभागृहात झाला. शाल, श्रीफळ, फेटा, हार, सगळं आमच्या वर्गणीतून. ऐनवेळी गुरुजींना आठवलं की औक्षण राहिलंच. आमच्यात बाई म्हणाल तर त्या दिवशी आक्का एकटीच आली होती, दुपारची सुट्टी काढून, अंगाला मिरचीचा वास घेऊन. गुरुजींनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "यांचे मालक हयात हायेत ना?" मी म्हटलं, आहेत. "मंग झालं," म्हणाले आणि ताट तिच्या हातात दिलं.

ज्या नवऱ्याने तिच्या उरावर दुसरी आणून बसवली, तो जिवंत आहे एवढ्यावर आक्का ओवाळायला पात्र ठरली. तिने माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनीच म्हटलं, जाऊ दे, कामासाठी. तिने साहेबांना कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. साहेबांनी तिला हात जोडले, ताई म्हणाले आणि भाषणात सांगितलं की या माउलीच्या निरांजनाची शपथ, या शहरात यापुढे कष्टकऱ्याची सायकल चोरीला जाणार नाही. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, चांगल्या जोरात.

आठवड्याच्या आत चौफुलीवर फलक लागला. निळ्या रंगाचा, मोठा, नगरपालिका सायकल स्थानक. त्या जागेवर मुरूम टाकून चुन्याच्या रेघा मारल्या. गुरुजींनी मला त्यांच्या सत्काराच्या सल्ल्याची आठवण करून दिली आणि मी मान्य केलं की त्यांचंच बरोबर होतं. राखणदार पुढच्या महिन्यापासून बसेल असं सांगण्यात आलं. मी त्याच रविवारी आक्काला नवी सायकल घेऊन दिली. ती नको म्हणत होती. मी म्हटलं, आता सरकारी स्थानक आहे, घाबरू नको. तिने सायकलला हळदकुंकू वाहिलं आणि दुसऱ्या पहाटे माझ्याशिवाय एकटी चौफुलीला गेली.

पूर्वी आम्ही कुंपणाला जिथे जागा मिळेल तिथे, एकमेकांच्या साखळ्यांत साखळ्या गुंतवून सायकली लावायचो. त्या गुंत्यातून एखादी बाहेर काढायला चोरालाही घाम फुटत असेल. आता चुन्याच्या रेघा आल्या, तेव्हा आम्ही शिस्तीत, एका ओळीत, सुट्या सुट्या लावायला लागलो. गुरुजींनी दोघांना रेघेबाहेर सायकल लावली म्हणून टोकलं.

एक दिवस भर दुपारी एक पिकअप गाडी आली. दोन-तीन माणसं उतरली, कटरने साखळ्या तोडल्या आणि ओळीतल्या जेवढ्या मावल्या तेवढ्या सायकली गाडीत भरून ती निघून गेली. चौफुलीवर माणसांची ही गर्दी होती. हॉटेलवाला बघत होता, फळांचे गाडेवाले बघत होते, रिक्षावाले बघत होते. एकानेही हटकलं नाही. संध्याकाळी मी विचारलं तेव्हा हॉटेलवाला कपाळाला हात लावून म्हणाला, "मला वाटलं पालिकेचेच लोक हायेत. तुमचं स्थानक पालिकेचं. पालिकेनं उचलल्या असतील, दंड भरून आणाल तुम्ही." फलक नसता तर त्याने आरडाओरडा केला असता, हे तो स्वतःच म्हणाला.

माझीही गेली, आक्काचीही गेली. टेम्पो आला, बायका उतरल्या आणि त्या मोकळ्या रेघांकडे बघत उभ्या राहिल्या. आक्का रडली नाही. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "आता रे?"

पोलीस म्हणाले, स्थानक नगरपालिकेचं, त्यांचं पत्र आणा. म्हणून मी आणि आक्का नगरपालिकेत गेलो. साहेब नव्हते. टेबलावरच्या बाबूने सगळं ऐकून घेतलं, चहा पीत, अगदी शांतपणे. मग म्हणाला की असं कोणतंही स्थानक मंजूर नाही. शेड नाही, राखणदाराचं पद नाही, खर्चाची तरतूद नाही. मी म्हटलं, फलक तुम्हीच लावलाय. तो म्हणाला, फलक लावणं वेगळं आणि जबाबदारी घेणं वेगळं. माझा आवाज चढला. तेव्हा त्याने मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे चौकटीत आमच्या सत्काराचा मोठा फोटो लावला होता. मधोमध फेटा बांधलेले साहेब आणि समोर हातात ताट घेतलेली आक्का.

"काय मावशी," तो म्हणाला, "तुमीच तर वोवाळलं. मागणी पूर्ण झाली म्हणूनच वोवाळलं असंल ना? वर अहवाल गेला तवा हाच फोटो लावलाय आमी. आता काम झालंच न्हाई म्हणता, मंग तवा खोटं वोवाळलं का काय?"

त्याच्या कानफटात मारायची इच्छा झाली आणि तो हात मी टेबलाखाली दाबून धरला. आक्का फोटोकडे बघत राहिली. मग तिने बाबूला विचारलं, "ते निरंजन तरी खरं हुतं ना, बाबा?" तो हसला. त्याला वाटलं, बाई गंमत करतेय.

बाहेर आल्यावर ती पायऱ्यांवर बसली. मी तिसरी सायकल घेऊन देतो म्हणालो. ती म्हणाली, घेशील, आणि तीही नेतील, तुझी तुला घेता येईना अजून. माझ्याकडे राहायला चल म्हणालो. ती उठली आणि पायऱ्या उतरायला लागली.

त्यानंतर ती काही दिवस चालत गेली. कधी टेम्पो मिळाला, कधी तिच्या डोळ्यांदेखत निघून गेला. सूर्य वर आल्यावर मुकादम शेतात पोचते हे कंपनीच्या माणसाला किती दिवस चालणार? त्याने टोळी दुसऱ्या बाईला दिली. आक्का साध्या मजुरीवर तिच्या हाताखाली काही दिवस गेली. मग गुडघ्यांनी दगा दिला आणि तेही सुटलं. भाडं थकलं नाही, कारण ते थकायच्या आधीच तिने खोली सोडली. उधारीवर राहणं तिला माहीतच नव्हतं.

सासरी जाते असं तिने सांगितलं तेव्हा मी घरात आकांडतांडव केलं. बायकोवर ओरडलो, तिचा काही दोष नसताना. आक्काला म्हटलं, तिथं तुझी किंमत काय आहे? ती सामान बांधत होती. "हितं काय हाये, भाऊ?" तिने मान वर न करता विचारलं. "तिथं निदान मला ठावं हाये की मी कोन हाये. हितं मला वाटायला लागल्तं की मी कोनीतरी झाले."

मी तिला पिंपळगाव रेणुकाईपर्यंत सोडायला गेलो. नवरा ओसरीवर बसला होता, त्याने या म्हटलं, पण उठला नाही. दुसरीने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला आणि आक्काला सांगितलं की गोठ्यातलं शेण सकाळपासून पडून आहे. आक्काने पिशवी भिंतीला टेकवून ठेवली, पदर खोचला आणि गेली. मी चहा न घेता निघालो. आयुष्यात मला इतकं हरल्यासारखं कधी वाटलं नव्हतं.

महिना-दीड महिन्याने साहेबांची बदली झाली आणि नवे साहेब आले. गुरुजींचा मला फोन आला, उत्साहात. नवे साहेब तरुण आहेत, सायकलची आवड आहे म्हणे, आपण जाऊन त्यांचा सत्कार करू, या वेळी राखणदाराचा विषय बराबर मांडू. वर्गणी सुरूही झाली होती. आणि तुमच्या ताईंना घेऊन या, म्हणाले, मागच्या वेळी त्यांनी छान ओवाळलं होतं.

मी सांगितलं की ती आता इथे नसते. नवऱ्याकडे गेली, पिंपळगावला.

"आरं वा," गुरुजी म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखरच खुलला. "म्हंजे नांदायला गेली. लई चांगलं झालं बघा, मास्तर. बाई आपल्या घरी गेली."

ते मनापासून बोलत होते. मला त्यांना खूप काही ऐकवायचं होतं. पण त्याआधी त्यांनीच विचारलं, "मंग आता वोवाळायला दुसरी कोनी सवाष्ण हाये का तुमच्या बघण्यात?"